सुरती शेळी आणि पैदाशीचा बोकड

सुरतेच्या पूर्वेकडील गोडादरा हे एके काळी निराळे गाव होते. आज ते शहरात सामावले असून खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे राहतात. या शहराचे नाव लाभलेली सुरती शेळी दुधासाठी प्रसिद्ध आहे. अंग पांढरे, बांधा ठेंगणा, कास भरदार, सड मोठे. लांब चालणे तिला मानवत नाही. दावणीला पालाचारा खाऊन ती सुखाने राहते. थोड्या जागेत दोन-चार शेळ्या बाळगणाऱ्यास याहून सोयीचे जनावर क्वचितच मिळेल.

परंतु शेळी घेताना कास पाहणारा मालक बोकडाविषयी उदासीन असतो. वास्तविक प्रत्येक करडाचा अर्धा वारसा त्याचाच. अंगाने भरलेला नर बकरी ईदच्या बाजारात चांगला भाव आणतो, आणि तो मोह संसारी माणसास आवरत नाही. मागे उरलेला किरटा नर पैदाशीला लागतो, तोही पुष्कळदा जवळच्या नात्यातील शेळ्यांवर. मग करडे अशक्त निपजतात, दूध घटते.

निवडीचे सामर्थ्य अमेरिकेतील टेनेसी राज्यात दिसते. तेथे १८८० च्या सुमारास आलेल्या काही शेळ्या दचकताच ताठरून कोसळत. शुद्ध मात्र हरपत नसे. हा स्नायूंचा आनुवंशिक दोष. पण अशा शेळ्या कुंपण ओलांडीत नाहीत, म्हणून लोकांनी तो जपला! दोष जपता येतो, तसे दूधही.

भरपूर दूध देणाऱ्या शेळीचा नर राखावा आणि त्याच्या लेकी माजावर येऊ लागताच तो दुसऱ्या कळपातील बोकडाशी बदलावा. चार शेजाऱ्यांत मिळून एक असला तरी भागते. शेळी दाखविल्याचा दिवस टिपून ठेवावा. सुमारे १५० दिवसांनी ती विते.