कोणत्या कायद्याखाली?

१२ सप्टेंबर हा स्टीव्ह बिको यांचा स्मृतिदिन. १९७७ साली याच दिवशी हा अवघ्या तीस वर्षांचा नेता प्रिटोरियाच्या तुरुंगात मरण पावला. नेल्सन मंडेला आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत, बिको नाहीत. खरे तर आंबेडकरी कार्यकर्त्याला बिको अधिक जवळचे वाटावेत.

दक्षिण आफ्रिकेची वर्णद्वेषी राजवट काळे, मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाचे लोक या सर्वांना ‘गोरेतर’ म्हणत असे. म्हणजे माणसाची ओळख काय, तर तो गोरा नाही! बिको यांनी हा शब्द झिडकारला आणि ‘काळा’ हा शब्द स्वाभिमानाने धारण केला. १९६९ साली ते ‘सासो’ या विद्यार्थी संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. काळा म्हणजे कातडीचा रंग नव्हे. कायद्याने व रूढीने जो दडपला गेला आणि त्याविरुद्ध एकजुटीने उभा राहिला, तो काळा, अशी त्यांची व्याख्या होती. म्हणूनच सॅथ्स कूपर, स्त्रिनी मूडली हे भारतीय वंशाचे तरुण ‘काळे’ म्हणून तुरुंगात गेले. ‘हरिजन’ हा शब्द नाकारणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९७३ साली सरकारने बिको यांच्यावर बंदी घातली. सभा नाही, भाषण नाही, त्यांचे शब्द छापणेही गुन्हा. तरीही १९७६ साली सहकाऱ्यांच्या खटल्यात ते बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. तुम्ही तर तपकिरी दिसता, मग स्वतःला काळे का म्हणवता, असे न्यायाधीशांनी विचारले. गोरेही पांढरे कुठे असतात, ते तर गुलाबी-पिवळे दिसतात, अशा अर्थाचे उत्तर बिको यांनी दिले. बंदी असलेल्या माणसाने साक्षीदाराच्या पिंजऱ्याचेच व्यासपीठ केले.

१८ ऑगस्ट १९७७ रोजी त्यांना अटक झाली. पोर्ट एलिझाबेथला पोलिसांनी त्यांना नग्न करून साखळदंडात ठेवले. डोक्याला जबर मार लागलेला असताना गाडीत मागे टाकून हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या प्रिटोरियाला नेले. मंत्री क्रूगर यांनी आधी उपोषणाची कथा सांगितली! मृत्यूच्या चौकशीत कुटुंबाचे वकील सिडनी केंट्रिज यांनी कर्नल गूसेन यांना विचारले, माणसाला असे साखळदंडात ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कायद्याने दिला? आम्ही कायद्याखाली काम करीत नाही, असे कर्नलने सांगितले. वकील म्हणून मी ही उलटतपासणी पुन्हा पुन्हा वाचतो. इतके नोंदीवर येऊनही दंडाधिकाऱ्याने कोणालाच दोषी धरले नाही.

सत्यशोधन आयोगापुढे पोलिसांनी माफी मागितली. १९९९ साली ती नाकारली गेली. पण २००३ साली खटला भरण्यास नकार मिळाला. अखेर १२ सप्टेंबर २०२५ रोजी ही चौकशी पुन्हा उघडली गेली. तोवर त्यातले बहुतेक पोलीस अधिकारी मरून गेले होते.