पाडव्याच्या रात्रीची ती आग

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशातल्या लोकांना आभाळातून धगधगत्या ठिपक्यांची माळ संथपणे सरकताना दिसली. मोबाईल निघाले, शेजाऱ्यांना हाका गेल्या, आणि उल्का पडल्याची बातमी रात्रीतच सगळीकडे झाली. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. आभाळातून आलेला दगड असा वळलेला नसतो! फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. तुकडे तपासायला इस्रोचे शास्त्रज्ञही आले.

खरं तर कडं सापडायच्या आधीच उत्तर हाती होतं. शेजाऱ्याला हाक मारून बाहेर बोलावण्याइतका वेळ मिळाला, तर ती बहुधा उल्का नव्हेच. पृथ्वीभोवती फिरणारा भंगार माल सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, अगदी तिरप्या वाटेने वातावरणात शिरतो आणि मिनिटभरही जळत राहतो. उल्का सूर्याभोवतीच्या कक्षेतून येते. तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर. बहुतेकींचा खेळ दोन-चार सेकंदांत आटोपतो.

उजेडाचं कारण नुसतं घर्षण, असं शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण एवढ्या वेगाने येणाऱ्या दगडापुढची हवा बाजूला सरायच्या आत दाबली जाते आणि भयंकर तापते. भोक बोटाने दाबून पंप मारला की तो गरम होतो, तसंच. त्या उष्णतेने दगडाचा पृष्ठभाग वितळून उडून जातो, आणि त्याची वाफ व भोवतालची हवा प्रकाशते. शुक्रापेक्षा तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. त्यातून काही उरलंच, तर वेग मंदावल्यावर ते जमिनीपासून वीसेक किलोमीटरवरच विझतं आणि पुढचा प्रवास अंधारात करतं. म्हणून ‘समोरच्या टेकडीमागे पडला’ असं सांगणाऱ्याचा दगड शेकडो किलोमीटर दूर असू शकतो.

आवाज तर आणखी मागून येतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा दगड फुटला. लख्ख उजेड कसला म्हणून लोक खिडक्यांशी गेले, आणि दोनेक मिनिटांनी धक्कालाट पोचली. सुमारे दीड हजार जण जखमी झाले, त्यातले बरेचसे काचांनी. असा उजेड दिसला, तर खिडकीपासून लांब व्हावं.

विदर्भाच्या वाट्याला खरा पाहुणाही आलेला आहे. २२ मे २०१२ ला भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. त्यांच्यात पुढे ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीवर हे खनिज साधारण ६६० किलोमीटर खोलीच्याही खाली असतं. तिथवर आपला कुठलाच ड्रिल पोचत नाही. माझ्या मते, लाडबोरीच्या कड्याला मिळाली त्याच्या निम्मी तरी प्रसिद्धी काटोलला मिळायला हवी होती.

दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एन्के धूमकेतूशी नातं सांगणारा वृषभ उल्कावर्षाव असतो. ताशी जेमतेम चार-पाच उल्का, पण अग्निगोलांसाठी तो नावाजलेला. फटाक्यांचा धूर निवळल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास कृत्तिका-रोहिणी डोक्यावर येतात तेव्हा बघावं. काही दिसलं, तर वेळ, किती सेकंद टिकलं, कुठल्या ताऱ्यापासून कुठल्या ताऱ्यापर्यंत गेलं आणि आवाज किती वेळाने आला, हे लगेच लिहून ठेवावं. दोन वेगळ्या गावांतल्या अशा नोंदी जुळल्या, तर उल्केची उंची आणि वाट काढता येते. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन या नोंदी कुणाकडूनही स्वीकारते.