अळीचं डोकंही दिसावं आणि शेपूटही

मागच्या खरिपात आमच्या गटातल्या एका ताईच्या मक्यात अळी निघाली. पानांना भोकं पडलेली, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. आम्ही फोन काढला, अळीच्या पार नाकाशी नेला, फ्लॅश मारला आणि फोटो कृषी सहायकांना पाठवला. उत्तर आलं, "डोकं दिसतंय, मागचं सगळं धुरकट आहे. परत पाठवा." परत पाठवला तो फ्लॅशने पांढराफटक. या पाठवापाठवीत चार दिवस गेले. तोवर अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली आणि वर विष्ठेचं बूच बसलं. मग फवारलेलं औषध तिथवर पोचेना. औषधाचे पैसे गेले ते गेलेच.

संशय होता अमेरिकन लष्करी अळीचा. ही अळी भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही आली. तिची ओळख दोन टोकांना असते. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी पांढरट खूण, आणि शेपटीच्या जरा अलीकडे पाठीवर चौकोनात चार काळे ठिपके. म्हणजे दोन्ही टोकं स्पष्ट हवीत. नेमकं तेच आमच्याकडून होत नव्हतं.

गटातल्या एकीचा दीर लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे अंगठी-मंगळसूत्राचे जवळून फोटो काढायची लेन्स आहे. त्याने आम्हाला सगळं समजावलं. लेन्स एका ठरावीक अंतरावर नीट बघते. त्या अंतराच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही स्पष्ट येतं. या स्पष्ट येणाऱ्या जाडीला फोटोवाले डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. गटाचा फोटो लांबून काढला की पुढची रांग आणि मागची रांग दोन्ही छान येतात. पण जसजसं जवळ जावं तसतशी ही जाडी कमी होत जाते, भाकरीएवढी, मग पापडाएवढी. आम्ही अळीच्या नाकाशी फोन नेत होतो, म्हणजे आपल्याच हाताने पापड लाटत होतो!

कॅमेऱ्यात ही जाडी वाढवायचा उपाय म्हणजे लेन्समधलं छिद्र बारीक करणं. त्याला आकडे असतात, आणि आकडा मोठा तेवढं छिद्र लहान, हे जरा उलटंच आहे. आपली साडेतीन सेंटिमीटरची अळी फोटोत बऱ्यापैकी भरेल इतकं जवळ गेलं, तर त्याच्या कॅमेऱ्यात एफ ४ वर जेमतेम एक मिलिमीटर जाडी स्पष्ट येते. एफ १६ वर चार मिलिमीटरच्या आसपास. पण एफ १६ ला उजेड एफ ४ च्या सोळाव्या हिश्श्याएवढाच आत येतो. म्हणून फ्लॅश लागतो. फ्लॅश क्षणभरच चमकतो, त्यामुळे वाऱ्याने पान हललं तरी फोटो हलत नाही. छिद्र याहून फार बारीक करू नये, मग सगळाच फोटो मऊ पडतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशने इतक्या जवळ लेन्सचीच सावली पडते आणि अळीची पाठ चकाकते. दिराने फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर धरला आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. त्याने उजेड पसरला, ठिपके उठून दिसले.

आता आपल्या फोनचं. बहुतेक फोनमध्ये छिद्र लहान-मोठं करता येत नाही, तेव्हा तो मार्ग बंद. पण मागे सरता येतं. अंतर दुप्पट केलं की स्पष्ट जाडी तिपटीहून जास्त वाढते. म्हणून फोन वीतभर लांब धरा, फोटो काढा आणि नंतर कडा कापून अळी मोठी करा. फोनचा फ्लॅश बंद ठेवा. दुसरीच्या फोनची बॅटरी लावून ती बाजूने धरायला सांगा, मध्ये ट्रेसिंग पेपर. आम्ही एकटीने दोन्ही करून बघितलं, जमत नाही.

आणि छिद्राइतकंच महत्त्वाचं, अळी आडवी ठेवा. तिची एक बाजू फोनकडे आणि दुसरी लांब असेल, तर कितीही जाडी मिळाली तरी पुरत नाही. पांढऱ्या कागदावर अळी लांबट पसरली की फोन तिच्या बरोबर वर, कागदाला समांतर धरा. अळी वेटोळं करते, तेव्हा जरा थांबावं लागतं. एका डबीत दोन अळ्या ठेवू नका, त्या एकमेकींना खातात. आमची एक अशीच गेली.

एकाच फोटोत सगळं बसवायचा हट्ट नको. एक फोटो वरून पाठीचा, एक समोरून डोक्याचा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, म्हणजे अळी केवढी ते कळतं.

यंदा जुलैत त्याच ताईच्या शेतातून आम्ही सकाळी असे दोन फोटो पाठवले. दुपारी उत्तर आलं, डोक्यावर वाय आहे, चार ठिपकेही आहेत. अळी तेव्हा करंगळीच्या नखाएवढीच होती.