मुक्काम पोस्ट जव्हार

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. मुख्यालय जव्हारला यावं अशी इथली मागणी होती. ते पालघरला गेलं. तरी जिल्हा लहान झाला, आता या डोंगराकडे लक्ष जाईल, रस्ते सुधारतील, माणसं येतील, असं गावात जो तो बोलत होता. त्या उमेदीवर आम्ही राहत्या घराच्या मागच्या अंगाला प्रवाशांचं वसतिगृह काढलं. दोन मोठ्या खोल्यांत लोखंडी दुमजली खाटा, बाहेर न्हाणीघरं, ओसरीवर जेवणाची पंगत. पाठीवर सॅक घेऊन एसटीतून उतरणाऱ्या, बेताच्या खिशाच्या माणसाला नुसत्या खाटेच्या भाड्यात रात्र काढता यावी, एवढा विचार त्यामागे होता. त्या उमेदीतलं काय खरं ठरलं आणि काय नाही, ते आता लिहून ठेवावंसं वाटतं.

जव्हारला पाहुणा नवा नाही. मुकणे घराण्याचं संस्थान इथे सहाशे वर्षांच्या वर नांदलं. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा तळ शिरपामाळावर पडला होता, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, जयविलास राजवाडा राहिला आणि ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ ही ओळखही राहिली. पण महाबळेश्वरला लोक राहायला जातात, जव्हारला बघायला येतात. मुंबईची गाडी सकाळी येणार, राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा करणार आणि सूर्यास्त पाहून परत फिरणार. नाशिककर तर मोखाडा-त्र्यंबकमार्गे रात्रीच्या जेवणाला घरी पोचतात. माणसाला इथे एक रात्र थांबवायचं कसं, हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

थांबवतो तो पाऊस. जूनअखेरपासून शनिवार-रविवार खाटा भरतात, आणि त्याच दिवसांत घर सांभाळणं सगळ्यात कठीण असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात ढीगभर चादरी धुऊन वाळवायच्या म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. आम्ही ओसरीत दोऱ्या बांधल्या. चादर तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागायची. वाळली असं समजून घडी घातली की दुसऱ्या दिवशी कपाट उघडताच कुबट वास. मग चुलीच्या वर बांबूच्या दांड्या टांगल्या. कुबट वास गेला, धुराचा लागला. शेवटी जाड पांढऱ्या चादरी काढून पातळ, गडद रंगाच्या सुती चादरी आणल्या आणि प्रत्येक खाटेला तीन जोड ठरवले: एक अंथरलेला, एक दोरीवर, एक कपाटात. गाद्यांना रेक्झिनच्या खोळी शिवल्या. पहिल्या मोठ्या पावसात लाईट जाते ती केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून कोळशाची इस्त्री ठेवली. उशा मात्र गणपतीनंतर बदलाव्याच लागतात, आतून बुरशी धरतात. पावसाळ्यात मिळवलेल्या पैशाचा मोठा वाटा असा कापडात जातो, आणि तो तिथे गेलाच पाहिजे. कोरडं अंथरूण देता येत नसेल, तर पाहुण्याकडून खाटेचं भाडं घेण्यात अर्थ नाही.

लाईट नव्हती म्हणून एका बुकिंगच्या साइटवर आमचे तारे कमी झाले. तेव्हापासून येणाऱ्याला आम्ही आधी फोन करून सगळं सांगतो: लाईट जाईल, फोनची रेंज जाईल, शॉवर नाही, बादली आहे, दारू चालणार नाही. दारूचं ऐकून पुष्कळ गट फोन ठेवतात. त्यांचं भाडं बुडतं. पण पावसाळी धबधब्याच्या मुलखात पिऊन हिंडणाऱ्या मुलांची जबाबदारी कोणी घ्यायची?

२ जुलै २०२० हा दिवस जव्हार विसरलेलं नाही. काळमांडवीच्या धबधब्यावर गेलेल्या आमच्याच गावच्या तरुणांपैकी पाच जण बुडाले. दोघं पाण्यात गेले, त्यांना वाचवायला बाकीच्यांनी उड्या घेतल्या. दिवस टाळेबंदीचे होते, बाहेरचा पर्यटक नव्हताच. गेली ती या डोंगरात वाढलेली मुलं होती. काळमांडवीला पाणी दगडात खोल उतरतं, वरून बघणाऱ्याला ती खोली कळत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा धबधब्यांवर मनाई आदेश निघाला की इथले बरेच लॉजवाले हळहळतात, हंगाम बुडतो म्हणून. आमचाही बुडतो. तरी तो आदेश निघायलाच हवा, आणि पाहुण्याने ‘लांबून बघून येतो’ म्हटलं तरी त्याला एकट्याला सोडायचं नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

पाहुण्यांचा हंगाम आणि इथल्या माणसांचा हंगाम एकमेकांवर आदळतात, याचा त्रास मात्र सगळ्यात मोठा. आषाढात खाटा भरलेल्या असतात, तेव्हाच भाताची आवणी चालू असते. स्वयंपाकाला आणि धुण्याला येणाऱ्या बायका आपापल्या खाचरात वाकलेल्या, त्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? भाताची कापणी, मग दिवाळी. दिवाळी झाली की पाड्यांवरून बिऱ्हाडं निघतात ती भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून बयाणा घेतलेला असतो, तो अंगमेहनतीने फेडायचा. भांडी, कोंबड्या, तान्ही मुलं सगळं टेंपोत चढतं आणि पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. नेमकी तेव्हाच इथली हवा वर्षातली सगळ्यात सुरेख असते, आकाश स्वच्छ, रात्री थंडी. पाहुणे येऊ लागतात आणि आमचं स्वयंपाकघर ओस पडतं.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं, थांबायला काय लागेल? त्या म्हणाल्या, दिवाळीला उचल पाहिजे आणि पाहुणा नसला तरी पगार पाहिजे. भट्टीवाला जे देतो त्याच्याशी बरोबरी करायची तर हाच हिशेब होता. पाहुणा असो-नसो, बारा महिने पगार सुरू केला. उन्हाळ्यात खाटा रिकाम्या असताना तो देताना हात आखडतो, हे खरं. पण मावशी थांबल्या, त्यांच्या मुलीची आश्रमशाळा सुटली नाही, आणि त्यांचे यजमान हिवाळ्यात पाहुण्यांना भूपतगडावर नेऊ लागले. तालुक्यातल्या वाळवंडा गावात ग्रामपर्यटनाचा प्रयोग झाला, त्यातही पाहुण्यांचा पैसा गावातल्या घरांपर्यंत पोचावा हाच विचार होता. इथल्या पर्यटनाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मी मात्र विचारते की त्यामुळे दिवाळीनंतरचा एखादा टेंपो रिकामा राहिला का. आमच्यापुरतं सांगायचं तर टेंपो रिकामा राहिला नाही, त्यातलं एखाद-दुसरं घर उतरलं.

मावशींमुळे जेवणही बदललं. आधी पाहुण्यांना आवडेल म्हणून पनीर करत होतो. आता नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि त्या त्या महिन्यात रान देईल ती भाजी. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. ती नीट साफ करून काकडं घालून शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून त्या भाजीला मावशी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. पुढे टाकळा, मग करटोली. केवळ शेवळांसाठी जूनमध्ये फोन करणारे पाहुणे आता आहेत.

पाण्याचं दुखणं वेगळंच. एवढा पाऊस झेलणाऱ्या जव्हार-मोखाड्यात एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकर फिरतात. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबई पिते. मुंबईचा पाहुणा दुसरी बादली मागतो तेव्हा मी हे त्याला सांगते. बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि कळल्यावर वाद घालणारा क्वचित भेटतो.

मार्च २०२० नंतरचे महिने सगळ्यांचे गेले तसेच आमचेही गेले. सावरतोय तोवर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. गाडीवाल्या पाहुण्यांच्या हॉटेलांना त्याची झळ कमी लागली. आमचा पाहुणा मुळात एसटीतून उतरणारा. त्या काळात घर तगलं ते आडवाराच्या मुक्कामांवर. १९९२-९३ च्या वावर-वांगणी गावांतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनंतर या भागात संस्था, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी, संशोधक यांचा राबता सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. ही माणसं सोमवारी येतात, आठवडाभर राहतात, पाड्यांवर हिंडून रात्री ओसरीवर वह्या काढून बसतात. वारली चित्रं शिकायला येणारे असतात. अधूनमधून परदेशी पाहुणा येतो. त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला चोवीस तासांत ऑनलाइन कळवायची असते आणि इथलं इंटरनेट त्यात हमखास अडतं.

जगातल्या आमच्यासारख्या वसतिगृहांची सुरुवात एका जर्मन शिक्षकाने केली. १९०९ मध्ये रिखार्ड शिरमान मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळी पावसात सापडला आणि त्या सगळ्यांनी रात्र एका शाळेत काढली. तिथे सुचलेल्या कल्पनेतून १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह उभं राहिलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: एका छपराखाली अनोळखी माणसं. आमच्या ओसरीवर पुण्याच्या मोटरसायकलवाल्या मुलांनी कुपोषणावर काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना उशिरापर्यंत प्रश्न विचारलेले मी ऐकले आहेत. ही सगळी माणसं वेगवेगळ्या बंद खोल्यांत उतरली असती तर ते बोलणं झालं नसतं. म्हणून मोठ्या खोल्यांचे भाग पाडून ‘फॅमिली रूम’ करा, दुप्पट भाडं मिळेल, हा सल्ला आम्ही अजून मानलेला नाही.

तुम्हाला यायचं असेल तर पावसाळ्यातल्या रविवारी येऊ नका. मार्गशीर्ष-पौषात या, आठवड्याच्या मधल्या वारी या आणि एकाऐवजी दोन रात्री राहा. होळीनंतर आलात तर मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवातली सोंगं बघायला मिळतील. कुठेही उतरा, आमच्याकडेच असं नाही. पण डोंगरात जाताना पाड्यावरचा वाटाड्या बरोबर घ्या आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नका.