आरती पाव सेकंद उशिरा

न्हावा शेवाच्या धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजावर हजारो कंटेनर असतात आणि माणसं जेमतेम वीस-पंचवीस. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात क्रेन इतक्या झपाट्याने माल चढवतात-उतरवतात की साधारण दिवसभरात जहाज पुन्हा समुद्राच्या वाटेला लागतं. म्हणजे बघा, बोटीवर जवळच्या उरणचा एखादा मुलगा असला तर त्याला डेकवरून आपला किनारा दिसेल. पण खाली उतरून, घरी जेवून परत यायला सवड मिळेलच असं नाही. शेजारच्याच न्हावा गावात ‘ट्रेनिंग शिप रहमान’ या संस्थेत पिढ्यान् पिढ्या खलाशी आणि अधिकारी घडले, त्यामुळे ‘आमचा मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य या भागाला नवं नाही. अशा घरातला साखरपुडा, बारसं, गणपतीची आरती मोबाइलच्या काचेवरही साजरी होते.

२०२० मध्ये कोरोनामुळे ही काच सगळ्यांच्याच वाट्याला आली. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते, आणि जमिनीवरची माणसं घराघरांत. सगळे ऑनलाइन भेटू लागले. काही भेटी रंगल्या, बऱ्याचशा ‘ऐकू येतंय का?’मध्ये संपल्या. हा फरक कशाने पडला? नेट चांगलं-वाईट असण्याने थोडासा. खरी गोम माणसाच्या मेंदूतल्या एका घड्याळात आहे, आणि ते घड्याळ थक्क करणारं आहे.

दोन माणसं बोलत असतात. एकाचं वाक्य संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं. मधे किती वेळ जातो? २००९ साली संशोधकांनी जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. जपानी, डॅनिश, मेक्सिकोतल्या माया लोकांची त्सेलताल अशा सगळ्या भाषांची मिळून सरासरी निघाली साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा. (त्यात मराठी नव्हती. असती, आणि नमुना उरणच्या एखाद्या लग्नघरातला असता, तर आकडा शून्याच्या खाली गेला असता असा माझा अंदाज आहे.)

आता खरी गंमत. चित्र बघून साधा ‘मासा’ हा शब्द उच्चारायलाही मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग आपण पाचव्या हिश्शात अख्खं उत्तर देतो कसे? समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो, आपलं उत्तर तयार करतो आणि ते जिभेच्या टोकाशी धरून थांबतो. त्यातून मराठीत क्रियापद शेवटी. ‘मी चतुर्थीला घरी’ एवढं ऐकूनच पोरगा येणार की नाही, हे आई ओळखते. तिला तो अंदाज बांधता येतो श्वासावरून, सुरावरून, भुवईवरून.

या नाजूक यंत्रणेत आता उपग्रह आणून ठेवा. जहाजांना वर्षानुवर्षं इंटरनेट पुरवत आलेले उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायचा तर सत्तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. प्रकाशाच्या वेगानेही जवळपास पाव सेकंद. उत्तर परत यायला आणखी पाव. आईने विचारलं, ‘जेवलास का?’ पोराने क्षणात ‘हो’ म्हटलं, तरी तिच्या कानावर ते अर्ध्या सेकंदाने उशिरा पडतं. तेवढ्यात तिच्या मनाने निकाल दिलेला असतो: अडखळला, म्हणजे काहीतरी लपवतोय!

चांगल्या वायफायवरही हा ताल बिघडतो. २०२१ च्या एका प्रयोगात समोरासमोर गप्पा मारणाऱ्यांमध्ये दोघांच्या बोलण्यामधला वेळ सरासरी १३५ मिलिसेकंद निघाला, आणि झूमवर ४८७. चकित करणारी गोष्ट ही, की यंत्रामुळे होणारा उशीर या फरकाच्या मानाने बराच कमी होता. उरलेला उशीर माणसांनीच भरला! ताल जरासा हलला की आपण बिचकतो आणि जास्तच थांबतो.

गप्पांचं हे, तर आरतीचं काय होत असेल? एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांमध्ये सुमारे २५ मिलिसेकंदांहून जास्त फरक पडला की लय घसरू लागते. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेआठ मीटर जातो, म्हणजे ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. न्यू जर्सीहून उरण साडेबारा हजार किलोमीटर. प्रकाशालाच तिथून इथे यायला ४० हून जास्त मिलिसेकंद लागतात. म्हणजे शंभर वर्षांनी कितीही भारी यंत्रं आली, तरी न्यू जर्सीचा काका आणि उरणची आत्या एका टाळीवर आरती म्हणू शकणार नाहीत. विश्वाचीच परवानगी नाही!

वर सॉफ्टवेअरचा शहाणपणा. त्याला माणसाचा आवाज जपायला आणि गोंगाट पुसायला शिकवलेलं असतं. झांजा आणि टाळ्या त्याच्या लेखी काय? गोंगाट. म्हणून कित्येक घरांची आरती पलीकडे पोहोचली ती झांजांशिवाय, मधूनच गायब होणाऱ्या सुरांसकट.

यावर लोकांनी काढलेली तोड बघाच. एकाने माइक चालू ठेवून म्हणायचं, बाकी सगळ्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी त्याच्यासोबत. हे ऐकायला केविलवाणं वाटतं, पण हिशेब करा. प्रत्येक घरात पोहोचलेला आवाज आणि त्या घरातल्या झांजा यांत फरक शून्य. बोटीवरचा मुलगा पाव सेकंद मागे असेना का, त्याच्या केबिनमध्ये आरती अगदी तालात चालू आहे. एकटा पडतो तो फक्त पुढे म्हणणारा, त्याला कोणीच ऐकू येत नाही. म्हणून दर आरतीला घर बदलायचं. गणपतीची उरणहून, शंकराची पुण्याहून, देवीची बोटीवरून. एकटेपणाही वाटून घेता येतो.

पुढचा घोळ गर्दीचा. मांडवात चाळीस माणसं असली तर एका वेळी दहा-बारा गप्पा रंगतात. स्क्रीनवर चाळीस असली तर एक मामा बोलतो. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप जमलेले घोळके मोजले, तेव्हा दिसलं की एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की घोळका फुटायला लागतो. मग मांडवातल्या इतक्या आवाजांत आपण नेमक्या आपल्याच गप्पा कशा धरून ठेवतो? आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर पोहोचतो. हा फरक फार तर मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो आणि बाकीचे आवाज मागे सारतो. लॅपटॉपच्या स्पीकरमधून मात्र सगळे नातेवाईक मिक्सरमध्ये फिरवल्यासारखे एकत्र बाहेर पडतात. म्हणून चाळीस जणांना दहा मिनिटं तरी चार-चारच्या वेगळ्या खोल्यांत पाठवणाऱ्या भेटी रंगतात. ही सोय झूमवर एका बटणावर आहे आणि घरगुती कार्यक्रमांत ते बटण कोणी दाबत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि घड्याळच काढून टाकलं तर? मायबोली डॉट कॉम हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं १६ सप्टेंबर १९९६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी. व्हिडिओ कॉल घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ऑनलाइन गणेशोत्सव रंगत आला आहे. त्यातला ‘झब्बू’ असा: एक विषय दिला जातो, एकाने त्यावर फोटो टाकला की दुसऱ्याने त्यावर आपला फोटो टाकायचा. कधी एकाने सुरू केलेली गोष्ट पुढचे लोक आपापल्या सवडीने वाढवत नेतात. कॅलिफोर्नियातली बाई रात्री टाकते, ठाण्यातला माणूस सकाळी उत्तर देतो. मध्यरात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, करून आलेल्या खलाशालाही यात डाव टाकता येतो. पाव सेकंदाची दरी इथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

बोटींवरची ती दरी आता कमीही होतेय. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह आले. त्यांच्यापर्यंत जाऊन यायला प्रकाशाला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. उरतो तो बाकीच्या जाळ्यातला वेळ. २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या दुरुस्तीनुसार, शक्य असेल तिथे जहाजमालकांनी खलाशांना इंटरनेट पुरवायचं आहे आणि पैसे घेतलेच तर वाजवी.

तरी मला कौतुक वाटतं ते हाउजीचं. लॉकडाऊनमध्ये एवढे ऑनलाइन खेळ आले आणि गेले, हा जुना खेळ टिकला कसा? आकडा अर्धा सेकंद उशिरा ऐकू आला तरी बिघडत नाही. एकाच वेळी दोघांनी बोलायची गरज नाही. प्रत्येकाच्या हातात आपलं तिकीट, हाताला काम, आजीलाही नियम पाठ. फक्त शेवटी ‘फुल्ल हाउस!’ दोघांनी ओरडलं की भांडण. पुण्याच्या वहिनींना वाटतं आपण आधी, बोटीवरच्या दिराला वाटतं आपण. आणि दोघंही खरं सांगत असतात, कारण आपापल्या कानांनी त्यांनी स्वतःलाच आधी ऐकलेलं असतं! म्हणून खेळ सुरू करतानाच सांगून ठेवा, एका आकड्यावर दोघं आले तर बक्षीस निम्मं-निम्मं. बोटीवरच्याचं निम्मं तो साइन ऑफ करून घरी येईपर्यंत आईकडे जमा.