‘विंडो मारली’ की झालं?

अकोल्याच्या जठारपेठेत दवाखाने, शिकवणी वर्ग, औषधांची दुकानं, कर सल्लागारांची ऑफिसं अशी दाटी आहे. बहुतेक ठिकाणी दोन-चार संगणक असतात, पण ते सांभाळायला पगारी माणूस क्वचितच असतो. मशीन रखडायला लागलं की ओळखीच्या दुकानातून एक पोरगा येतो, पेन ड्राइव्ह लावतो, ‘विंडो मारून’ देतो, वर टॅली, ऑफिस आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकतो आणि पुढच्या कामाला जातो. छोट्या शहरातली ही व्यवस्था कामाची आहे आणि त्या पोराच्या हातात कसबही असतं. पण याच व्यवस्थेतून काही पक्की मतं तयार झाली आहेत. विंडोज सांभाळायला सोपी, लिनक्स म्हणजे इंजिनिअरांचा प्रांत, आणि मॅकला काही बघावंच लागत नाही. या तिन्ही मतांत थोडं तथ्य आहे. उरलेल्या भागापायी मात्र लोकांचा डेटा जातो.

पहिला गोंधळ वापरणं आणि सांभाळणं यातला आहे. विंडोज वापरायची सवय महाराष्ट्रात घराघरांत आहे, कारण एमएससीआयटीपासून सगळं शिक्षण तिच्यावरच झालेलं असतं. सांभाळणं हे वेगळं काम. अपडेट वेळेवर बसवणं, कोणाला काय करायची परवानगी द्यायची ते ठरवणं, बॅकअप घेणं आणि मशीन बसलं तर ते पूर्वीसारखं उभं करणं, हे त्यात येतं. यासाठी मायक्रोसॉफ्टची साधनं खरोखर उत्तम आहेत. विंडोज 2000 सोबत आलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसीमुळे एका जागी बसून पाचशे मशीनना एकच नियम लावता येतो. मोठ्या बँका आणि कंपन्या विंडोजला सोपी म्हणतात ती यामुळे. मात्र भारतात दुकानातून जे लॅपटॉप घरी येतात, त्यांतल्या पुष्कळांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते. ती डोमेनला, म्हणजे अशा एका जागेहून चालणाऱ्या जाळ्याला, जोडता येत नाही आणि तिच्यात ग्रुप पॉलिसीचा संपादकही नसतो. ज्या सोयींमुळे विंडोजचा लौकिक झाला, त्या या डब्यात आलेल्याच नसतात. चार-पाच मशीनचं ऑफिस थाटणाऱ्याने प्रो आवृत्तीसाठी थोडे जास्त पैसे मोजले, तर ते वाया जात नाहीत.

दुसरी गोष्ट परवानगीची. विंडोज बसवताना तयार होणारं पहिलं खातं प्रशासकाचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी डॉक्टर, कंपाउंडर, रिसेप्शनवरची मुलगी सगळे त्याच खात्यावर काम करतात. व्हिस्टापासून विंडोज काही बदलण्याआधी विचारते खरी, पण रोज दहा वेळा ‘येस’ दाबायची सवय झालेला हात अकराव्या वेळीही दाबतोच. रोजच्या कामासाठी साधं खातं तयार करायला पाच मिनिटं लागतात. संगणकाच्या देखभालीत एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा देणारं दुसरं काम नाही, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

अपडेटबद्दलचा समज तर हट्टी आहे. ‘अपडेट मारलं की मशीन स्लो होतं, बंदच ठेवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडली, आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलं होतं, म्हणजे हल्ल्याच्या जवळपास दोन महिने आधी. तेव्हा सगळ्यांनी दोष जुन्या एक्सपीला दिला. कॅस्परस्कीने आकडे काढले तेव्हा बाधित मशीनपैकी सुमारे 98 टक्के विंडोज 7 ची निघाली. विंडोज 7 ला त्या वेळी मोफत अपडेट मिळत होती. ती बसवली गेली नव्हती, एवढंच.

पण अपडेट चालू ठेवली म्हणजे चिंता मिटली, असंही नाही. त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. 27 जून 2017 ला उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम थांबलं. हा हल्ला नॉटपेट्या या व्हायरसचा होता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो कंपन्यांच्या आत आला होता. एका मशीनमध्ये शिरला की तिथल्या मेमरीतले पासवर्ड तो गोळा करायचा आणि त्यांच्याच जोरावर शेजारच्या, पूर्ण अद्ययावत असलेल्या मशीनमध्ये प्रशासक म्हणून दाखल व्हायचा. म्हणजे सगळ्या मशीनवर एकच प्रशासक पासवर्ड ठेवण्याची सोय हा त्याचा मोठा रस्ता होता. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभरातल्या त्यांच्या डोमेन कंट्रोलरपैकी, म्हणजे सगळ्या खात्यांची आणि परवानग्यांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरपैकी, एकच वाचला, तो घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, त्यामुळे ते मशीन जाळ्यातून तुटलेलं होतं.

बॅकअप घेतल्यावर ड्राइव्ह मशीनपासून सोडवून कपाटात का ठेवायचा, हे या एका घटनेवरून कळतं. कायम जोडून ठेवलेला ड्राइव्ह खंडणीखोर व्हायरसला दुसरा फोल्डर वाटतो, आणि तो त्यालाही कुलूप लावतो.

आता लिनक्स. काळा स्क्रीन, टाइप करायच्या आज्ञा, म्हणून अवघड, असं मत आहे. सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर याच आज्ञा मोठी सोय ठरतात. डेबियनसारख्या लिनक्सवर ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचक अशी सगळी सॉफ्टवेअर एकाच भांडारातून येतात आणि एका आज्ञेत सगळी अद्ययावत होतात. विंडोजवर अजूनही बरीच सॉफ्टवेअर आपापलं अपडेट स्वतंत्रपणे करत बसतात, कित्येक करतच नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंगेट नावाचं असंच साधन दिलं आहे, पण ते ठाऊक असलेले थोडे. शिवाय लिनक्सवर एकदा जमलेलं काम फाइलमध्ये लिहून ठेवता येतं आणि तीच फाइल दुसऱ्या वीस मशीनवर चालवता येते. शिकवणी वर्गाच्या संगणक कक्षासाठी याहून सोपं काही सापडणं कठीण.

अवघडपणा आहे, पण तो दुसरीकडे. वऱ्हाडातल्या ऑफिसांत कॅननचा एलबीपी 2900 प्रिंटर वर्षानुवर्षं टिकून आहे, आणि लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं ही डोकेदुखी आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, पण लोकप्रिय लेझरजेट 1020 ला वेगळा प्लगइन लागतो. टॅली विंडोजसाठीच बनते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांचं सगळं काम कोरलड्रॉ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर उभं आहे, आणि जुन्या फॉन्टांत जपलेली वर्षानुवर्षांची कामं तिथेच अडकलेली असतात. अशा दुकानदाराला लिनक्सकडे वळवणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. याउलट ज्याचं काम ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठीत होतं, त्याला अडचण जवळजवळ नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्ही प्रणालींत आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा समज मात्र धोक्याचा आहे. जठारपेठेतल्या ज्या दुकानदाराला आपण लिनक्स कधी पाहिलंच नाही असं वाटतं, त्याच्या गल्ल्यावरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बहुधा लिनक्सवरच चालतो. 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, आणि तेवढ्या पुरल्या. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला याच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. लिनक्स स्वतः मजबूत होतं. उपकरण लावून गेल्यावर कोणी पासवर्ड बदलला नव्हता.

मॅकबद्दल थोडक्यात. एक-दोन मशीन असतील तर मॅक खरोखर कमी त्रास देतो. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं असल्याने ड्रायव्हरची कटकट कमी होते. तरी 2012 मध्ये फ्लॅशबॅक मालवेअरने सुमारे 6 लाख मॅक बाधित केले होते, आणि अ‍ॅपलने आपल्या दुरुस्त्या पोचवायला तेव्हा उशीर केला होता. दहा-वीस मॅक झाले की त्यांनाही व्यवस्थापनाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतंच. दुरुस्तीचा प्रश्न अकोल्यासारख्या शहरात जास्त टोचतो, कारण असेंबल पीसीचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, मॅकचा मिळेलच असं नाही.

लिनक्स फुकट, म्हणजे सांभाळण्याचा खर्च शून्य, हा हिशेबही चुकतो. केरळच्या सरकारी शाळांत सगळे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांची संख्या दोन लाखांच्या घरात आहे. ते टिकलं, कारण तिथल्या काइट या संस्थेने सगळ्या शाळांसाठी एकच प्रणाली मल्याळमसह तयार करून दिली आणि शिक्षकांना ती शिकवली. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनेही सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेले होते, आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव केला. तिथे नेमलेल्या सल्लागारांना आढळलेल्या अडचणींत तंत्रापेक्षा कामाच्या विस्कळीत रचनेचा वाटा मोठा होता. सेंटओएस हे मोफत लिनक्स वापरणाऱ्यांनाही धक्का बसला. 2029 पर्यंत चालणार म्हणून निवडलेली सेंटओएस 8 ही 31 डिसेंबर 2021 लाच बंद झाली, आणि ज्यांच्याकडे जाणता माणूस नव्हता त्यांची धावपळ झाली.

जाता जाता एक निर्दोष आरोपीही सांगायला हवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, कॅबिनेटमध्ये धूळ साचते, प्रोसेसर तापतो आणि मशीन आपोआप बंद पडतं. तेव्हाही ‘विंडो खराब झाली’ म्हणून पुन्हा नवी मारली जाते. पंख्याची धूळ काढून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, तर तेच मशीन त्याच विंडोजवर पळायला लागतं.

हे सगळं आत्ता महत्त्वाचं आहे, कारण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि साधारण 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट मशीनसुद्धा यादीतून बाहेर पडली आहेत. ती भंगारात काढायची गरज नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे, फक्त त्यासाठी नोंदणी करावी लागते. नियम चुकवून विंडोज 11 बसवून देणारेही भेटतील, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर टॅली किंवा श्रीलिपी आहे, तिथे आधी नवं मशीन घ्यावं. रिसेप्शनच्या, ग्रंथालयाच्या, वर्गातल्या मशीनसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेन ड्राइव्ह तयार करून हार्ड डिस्कला हात न लावता आठवडाभर चालवून बघता येतं. त्या आठवड्यात तीन गोष्टी तपासायच्या: प्रिंटर छापतो का, डिजिटल सहीचा टोकन ओळखला जातो का, आणि जुन्या मराठी फाइली वाचता येतात का.