रेल्वे-प्रतिकृती, प्रादेशिक
विशिष्ट प्रदेशातील लोहमार्ग, स्थानके, गाड्या व सभोवतीचा भूभाग यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली चालती मांडणी. खेळण्यातील आगगाडीहून ती भिन्न असते. कारण तीत प्रत्यक्षातील मोजमापे पाळावी लागतात.

सर्वांत प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील (स्थापना १९९८) मांडणी याच प्रमाणातील आहे. या प्रमाणासाठी तयार मिळणारे १६.५ मिमी. रुंदीचे रूळ परदेशांतील १,४३५ मिमी. प्रमाणमापी मार्गाशी जुळतात, भारतीय मार्गांशी नाही. मिरज हे याचे उत्तम उदाहरण होय. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंदमापी झाल्यावर काही काळ रुंदमापी (१,६७६ मिमी.), मीटरमापी (१,००० मिमी.) व अरुंदमापी (७६२ मिमी.) असे तिन्ही मार्ग तेथे एकत्र येत. १ : ८७ प्रमाणात त्यांची रुंदी अनुक्रमे १९.३, ११.५ व ८.८ मिमी. होते. शेवटच्या दोहोंसाठी बाजारातील १२ व ९ मिमी. रूळ चालतात, रुंदमापी मार्ग मात्र हाताने बसवावा लागतो, अन्यथा तो जवळजवळ ३ मिमी. अरुंद दिसतो.

अरुंदमापी मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. आसावरील भार ५ टनांपर्यंत मर्यादित ठेवल्याने हलके रूळ पुरत. म्हणून प्रतिकृतीतही कमी उंचीचे रूळ वापरणे इष्ट असते.

या प्रमाणात १ किमी. अंतर ११.५ मी. होते. साहजिकच संपूर्ण मार्ग न दाखविता मिरज, कवठे महांकाळ, ढालगाव अशी निवडक स्थानके घेऊन मधले अंतर आखडतात. रुळांची परस्पररचना, फलाट व पाण्याची टाकी यांची सापेक्ष स्थाने मात्र बदलत नाहीत. कृष्णाकाठची काळी जमीन व ऊस, पूर्वेकडील माळरान व बाभळी हा फरक चाळलेली माती, प्लॅस्टर आणि वाळलेल्या काटक्या यांनी साधतात. रुळांतून सामान्यतः १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत्‌ प्रवाह देतात. ताशी ३० किमी. वेगाची गाडी प्रतिकृतीत सेकंदाला सु. १० सेंमी. सरकली पाहिजे, याहून वेगवान गाडी अवास्तव वाटते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिरज-पंढरपूर मार्गही रुंदमापी झाला. रूपांतरात जुने रूळ, सांधे व लहान इमारती नाहीशा होतात. अशा वेळी जुने नकाशे, छायाचित्रे व निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी पडताळून केलेली प्रतिकृती केवळ छंद न राहता लुप्त मार्गाची त्रिमितीय नोंद ठरते. मात्र आधार नसलेले तपशील कल्पनेने भरल्यास ते तसे नमूद करणे आवश्यक असते.